कच्च्या रंगाची झाल

मानकोलीच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आईचं कपाळ हिरवं झालं, ते माझ्यामुळे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टेमघरला आमच्या आळीत कोणालाही आमचं घर विचारलंत, तर तो आधी ही गोष्ट सांगतो आणि मग पत्ता. (काहीजण हसण्याच्या भरात पत्ता सांगायचं विसरतात.) तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. तिखटमीठ मीही लावणार आहे, पण निदान मी तिथे हजर होते.

आमच्या घरात बांबूकाम. सुपं, टोपल्या, तांदूळ धुवायच्या रोवळ्या, कोंबड्या झाकायच्या डाली. पणजोबांपासून हेच. शाळेच्या पुढे गेलेली मी घरातली पहिली. तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय केमिस्ट्री. त्यामुळे घरात माझ्याबद्दल एक विनाकारण आदर होता. पंखा बंद पडला की मला बोलवायचे. गॅसचा वास आला की मला बोलवायचे. एकदा शेजारच्यांची शेळी चारा खाईना, तर तिला घेऊन आमच्या दारात. "वैशाली सायन्सला हाय, तिला दाखवा." मीही शेळीकडे बराच वेळ गंभीरपणे बघितलं. (शेळी दुसऱ्या दिवशी आपोआप बरी झाली. श्रेय मला मिळालं. माझ्या अधोगतीला तिथूनच सुरुवात झाली असावी.)

आता झाल म्हणजे काय ते सांगते. आमच्या भागातल्या लग्नांत पाठवणीच्या आधी मुलीचे आईवडील बांबूची एक पसरट टोपली घेतात. तिच्यात कणकेचे दिवे लावतात आणि ती टोपली मुलाकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर एकेकाला टेकवतात. आमची मुलगी आता तुमची, तिला सांभाळा, असा त्याचा अर्थ. त्या वेळी मांडवात सगळे रडतात. ज्यांचा लग्नाशी संबंध नाही तेही रडतात. त्या टोपलीला झाल म्हणतात.

ही झाल बाबा करायचे. मानकोली आणि आसपासच्या चार गावांत झाल आमच्याच घरची जायची. तिचे पैसे फारसे नसतात. तिचा मान असतो. बाबा वर्षभर बाजारात जमिनीवर बसतात आणि गिऱ्हाईक उभ्याने, वरून बोलतं. "ए टोपलीवाल्या, केवढ्याला रे?" पण लग्नात झालीचा विधी झाला की घरचा मालक स्वतः बाबांना हाताला धरून मांडवाच्या मधोमध आणतो, खुर्चीवर बसवतो, पूर्ण नाव घेतो आणि नारळ, टॉवेल, टोपी देतो. वर्षातून पाच-सहा वेळा बाबा खुर्चीवर बसतात. त्या दिवशी घरी आल्यावर ते चहासुद्धा वेगळ्या आवाजात मागतात.

आणि तो मानच जायची वेळ आली होती.

झालं असं की, मानकोलीच्या बाळाराम शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. शेठची भातशेती होती, तिच्यावर गोडाऊन उभी राहिली, त्यामुळे आता शेठ. माघ महिन्यातली तारीख निघाली आणि एक दिवस शेठाणी स्वतः आमच्या अंगणात आल्या. बाबा बांबूच्या कामट्या तासत होते.

"महादूभाऊ, राग नका मानू हां," शेठाणी म्हणाल्या. "ठाण्याला दुकानात झाल बघितली मी. तिला आरसे हायेत, लेस हाय, मोती हायेत. तुमची कशी... म्हणजे चांगलीच असते हो, पन कोंबड्या झाकायची वाटते."

बाबांचा तासायचा आवाज तेवढा मोठा झाला.

"वहिनी, आमची तीन पिढ्यांची झाल हाय तुमच्या घरात," आई म्हणाली.

"म्हनून तर इचारायला आले. न्हायतर सरळ घेऊनच आले नसते?"

शेवटी ठरलं असं की बाबांनी करून दाखवायची. आवडली तर ठीक, नाहीतर ठाण्याची आणायची. शेठाणी गेल्यावर बाबांनी सुरी खाली ठेवली.

"आरसे!" ते म्हणाले. "झालीत दिवे लावायचे का केस इंचरायचे?"

पण रात्री ते जेवले नाहीत. आई म्हणाली, "एक घर गेलं की चारी गावं जातात. दुकानवाल्याला कोन खुर्चीवर बसवतंय?" बाबा म्हणाले, "गेलं तर गेलं." हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला जेमतेम ऐकू आलं.

मी तशी घाबरट मुलगी आहे. वर्गात हात वर करते तोसुद्धा अर्धाच, म्हणजे सरांना वाटलं तर दिसावा आणि नाही वाटलं तर नाही. पण त्या रात्री मी म्हटलं, "बाबा, आपण... म्हणजे तुम्हाला चालत असेल तर... झाल रंगीत करू या का?"

"रंगीत?"

"कामट्या आधी रंगवायच्या, मग विणायच्या. हिरवी आणि राणी रंगाची, एक सोडून एक. आरशांपेक्षा उठून दिसेल. रंगाचं मी बघते. आम्हाला केमिस्ट्रीत आहे ते."

(आम्हाला केमिस्ट्रीत ते नव्हतं. पुढच्या वर्षी होतं. पण पुस्तक मी आधीच चाळलं होतं.)

बाबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. शेळीचा प्रसंग दोघांच्याही डोळ्यांसमोर असावा.

"शिकलेली हाय," बाबा म्हणाले. "तिला कळत असंल."

आमच्या मागच्या चाळीत रहमतचाचा राहायचे. नारपोलीला डाइंगमध्ये कामाला, वीस वर्षं कापड रंगवण्यात गेलेली. त्यांच्या हातांचा मूळ रंग कोणता हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. त्यांनी मला दोन पुड्या आणून दिल्या, एक हिरवी, एक राणी.

"देख बेटी," ते म्हणाले, "पहले नमक. फिर बाद में सोडा. सोडा मत भूलना. सोडे के बिना रंग बैठेगा नहीं, कच्चा रह जाएगा."

"हो चाचा."

"क्या नहीं भूलना?"

"सोडा."

"शाबाश."

बाबाही तिथेच उभे होते. त्यांनीही ऐकलं.

आता मी सोडा विसरले असते तर ती साधी चूक झाली असती, आणि साधी चूक माणसं माफ करतात. मी विसरले नाही. मी सोड्याची पिशवी हातात घेतली, उघडली आणि विचार केला. इथेच घात झाला. पुस्तकात मी वाचलं होतं की बांबूत लिग्निन नावाचा पदार्थ असतो, त्याच्यामुळे बांबू ताठ राहतो आणि सोड्यासारख्या क्षारात ते लिग्निन विरघळतं. म्हणजे सोडा घातला तर काय? झाल मऊ पडेल! व्याहीणबाईंच्या डोक्यावर पेटत्या दिव्यांसकट पिचकेल! रहमतचाचा बिचारे अनुभवी, पण त्यांचं काम सगळं कापडावरचं, त्यांना बांबूच्या आतलं काय माहीत? मी पिशवी बंद करून ठेवून दिली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

आंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं मी त्या कामी लावलं. ते हिरवं झालं ते झालंच. ("आता आंघोळ करू का लग्नाला उभी ऱ्हाऊ?" आई म्हणाली.) कामट्या पत्र्यावर वाळवल्या. वाळल्यावर मी परीक्षण केलं. कॉलेजात आम्हाला शिकवलंच होतं की परीक्षणाशिवाय निष्कर्ष नाही. पांढरा रुमाल घेऊन कामट्या खसाखसा घासल्या. रुमाल पांढराच! पुन्हा घासल्या. पांढराच! मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं, 'रंग पक्का.'

रुमाल कोरडा होता, कामट्याही कोरड्या होत्या, हे मी लिहिलं नाही. ते लिहायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

बाबांनी झाल विणली. खोटं कशाला सांगू, अशी झाल मी परत कधी बघितली नाही. हिरवा चौकोन, राणी चौकोन, हिरवा, राणी, काठाला दुहेरी वेणी. आळीतली माणसं बघायला आली. शेठाणी आल्या आणि दारातच थांबल्या.

"आगं बाय बाय बाय!" त्या म्हणाल्या. "ठान्याच्या दुकानवाल्याला म्हनावं, तुझे आरसे तूच बघ!"

बाबांनी त्या दिवशी चहा मागितला तो लग्नाच्या दिवसाच्या आवाजात. लग्नाला अजून आठवडा होता.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच मानकोलीला गेलो. मांडव एवढा मोठा, की त्यात एक गोडाऊन मावलं असतं. अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या, आणि दुपारी उन्हं कलल्यावर भटजी म्हणाले, "चला, झाल आणा."

शेठाणींनी पाटावरची झाल उचलली. मांडवातल्या बायका "आई गं, केवढी सुरेख!" म्हणाल्या. बाबा खांबाला टेकून उभे होते, त्यांची मान एक इंच वर झाली. आणि मग शेठाणींनी ती झाल पाण्याच्या पिंपात बुडवली.

बुडवली! पूर्ण! दोनदा!

"बाबा," मी म्हटलं, "त्या... त्यांनी ती बुडवली का?"

"मंग?" बाबा म्हणाले. "दिव्यांनी बांबू पेटू नये म्हनून वली करतात. नेहमीच करतात."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांना म्हाईत असतं."

मला माहीत नव्हतं. आजवर प्रत्येक लग्नात झालीच्या वेळी मी पंगतीत दुसऱ्या वाढीची वाट बघत बसलेली असायचे.

ओल्या झालीत दिवे ठेवले. दिवे पेटले. बँडवाल्यांनी अशी काही धून धरली की दगडाला पाझर फुटावा. मांडव मुसमुसायला लागला. शेठ आणि शेठाणींनी झाल उचलून व्याहीणबाईंच्या डोक्यावर टेकवली. व्याहीणबाईंनी डोळे मिटले. आणि त्यांच्या भांगातून एक हिरवा थेंब निघाला, कपाळावर आला, कुंकवाला वळसा घालून नाकाच्या शेंड्याशी थांबला.

सगळ्यात आधी ते मला दिसलं. ओरडायला पाहिजे होतं. पण भर मांडवात बोलायचं म्हणजे... मी सवयीने हात वर केला. अर्धा. कोणाचं लक्ष गेलं नाही.

झाल व्याहीबुवांकडे गेली. व्याहीबुवांना पूर्ण टक्कल. शेठ भावनेच्या भरात होते, त्यांनी झाल नुसती टेकवली नाही, दाबली. मग मुलाच्या आत्याबाईंच्या डोक्यावर. मग मामांच्या. सगळे रडत होते, सगळे हाताने डोळे पुसत होते, आणि ज्याने ज्याने पुसलं त्याच्या त्याच्या गालांवर रंग पसरत होता. मला दिसत होतं आणि माझा हात तसाच अर्धा वर होता.

व्हिडिओवाल्याने चेहऱ्यांवर दिवा मारला आणि बँडमधला सनईवाला वाजवायचा थांबला.

"आगं बय!" आत्याबाई व्याहीणबाईंकडे बघून किंचाळल्या. "वहिनी, तुमच्या तोंडाला काय झालं?"

"काय झालं?"

"हिरवं हाय!"

"आन् तुमचं गुलाबी हाय!" व्याहीणबाई किंचाळल्या.

दोघींनी एकमेकींचे चेहरे धरले. त्याने चेहऱ्यांचं भलं झालं नाही. मामांनी रुमाल काढून तोंड पुसलं, रुमालाकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. शेठाणींनी आपले हात बघितले. ते कोपरापर्यंत रहमतचाचांचे झाले होते! इतक्यात व्याहीबुवांनी विचारलं, "सगळे माझ्या डोक्याकडं काय बघताय?" आणि ते वळले.

मांडवातून एकदम आवाज आला, हजार माणसांनी एका वेळी श्वास आत घेतल्याचा. त्यांच्या टकलावर बाबांची वीण जशीच्या तशी उमटली होती. हिरवा चौकोन, राणी चौकोन, हिरवा, राणी. नारपोलीच्या लूमवरून नुकतंच उतरलेलं लुंगीचं कापड ताणून बसवावं तसं ते डोकं दिसत होतं. एक धागा चुकलेला नव्हता.

"पप्पा, हलू नका!" नवरा मुलगा म्हणाला आणि त्याने ओला रुमाल मारला. चौकोन गेले. आता सगळं डोकं जांभळट झालं.

"महादू!" शेठ गरजले. "हे काय केलंस? माझ्या पाव्हन्यांची भर मांडवात होळी केलीस?"

बाबा पुढे गेले. त्यांनी झालीवर एक बोट फिरवलं, बोट बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं.

"सोडा टाकला व्हतास?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबा, ते लिग्निन..."

"तो कोन हाय? त्याला बोलव हिकडं."

"माणूस नाही, बाबा. बांबूच्या आत असतं ते."

बाबांनी डोळे मिटले. मग शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, चूक झाली माझी."

हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं. ते माझं नाव घेणार नव्हते! खुर्ची गेली, मान गेला, चारी गावं गेली, तरी घेणार नव्हते. मला बोलायलाच पाहिजे होतं. मी दोन पावलं पुढे सरकले, भटजींच्या शेजारी उभी राहिले आणि जेमतेम माझ्या मलाच ऐकू येईल इतक्या आवाजात म्हटलं, "बाबांनी नाही. मी केलं."

भटजींच्या शेजारी मंगलाष्टकांचा माईक होता. चालू होता.

"बाबांनी नाही. मी केलं," असं मांडवावरच्या भोंग्यातून अख्ख्या मानकोलीला ऐकू गेलं. मी इतकी दचकले की स्पष्टीकरणही त्याच माईकवर देऊन बसले. "मी केमिस्ट्रीला आहे."

मागच्या पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "आचाऱ्याला इचारा रे, भात कोनी केला?" तीन माणसांनी हातातले द्रोण खाली ठेवले.

"ते सगळं नंतर," भटजी म्हणाले. "विधी अर्धा राहिलाय. असा अर्धवट सोडून मुलगी पाठवता यायची नाही. सूर्य मावळायच्या आत पाठवणी पाहिजे. दुसरी झाल आणा."

"ठान्याची आना!" शेठाणी रडत म्हणाल्या. "मी म्हनतच व्हते, ठान्याची आना!"

"कशी आणणार?" शेठचा पुतण्या म्हणाला. "नाक्यावर कंटेनर आडवा झालाय. गाड्या दोन तास जाग्यावर. आज गेलेली गाडी उद्या सकाळी येईल."

नवरी मुलगी हुंदके द्यायला लागली, आणि ते झालीचे हुंदके नव्हते, खरे होते. व्याहीबुवा म्हणाले, "आम्हाला हे लक्षण काय चांगलं दिसत न्हाय." शेठचा चेहरा पांढरा पडला. त्या सगळ्यांत रंग नसलेला तो एकच चेहरा होता.

बाबांनी डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडला आणि कमरेला बांधला.

"आचाऱ्याकडून नारळ फोडायचा कोयता आना," ते म्हणाले.

"कशाला?" शेठ दचकून मागे सरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही मागे सरले.

बाबा मांडवाच्या एकेका बांबूवर बोटाने टिचकी मारत निघाले. एक वाजवला, सोडला. दुसरा वाजवला, सोडला. भोंगा बांधलेल्या बांबूपाशी थांबले. त्याच्यावर कान ठेवला. बांबू नवा होता, हिरवा होता.

"ह्यो," बाबा म्हणाले.

"ओ काका!" डेकोरेटर धावत आला. "वर भोंगा हाय! तो बांबू न्हाय काढायचा! मांडव बसंल!"

"भोंगा उतरव. माझ्या पोरीनं त्याच्यावर बोलायचं तेवडं बोलून झालंय."

भोंगा उतरला. मांडव एका बाजूने दोन फूट खाली आला. (त्या बाजूला बसलेल्या लोकांनी पुढचं सगळं माना तिरक्या करून बघितलं.) बाबा जमिनीवर बसले. कोयत्याचा एक घाव घातला आणि बांबू कडाडकन उभा फुटला. आई बायकांतून उठली, पदर खोचला आणि काही न बोलता त्यांच्या समोर बसली. बाबा फोडायचे, आई तासायची. मीही खाली बसायला गेले.

"तू न्हाय," दोघं एकदम म्हणाले.

मी उभी राहिले.

तळ बांधला, कामट्या उभ्या केल्या, आणि वीण चढायला लागली. आम्ही हे रोज बघतो, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मांडवातली माणसं आपोआप गोल करून उभी राहिली. खुर्च्यांवर मुलं चढली. आरडाओरडा थांबला आणि कामट्यांचा सर् सर् आवाज तेवढा ऐकू यायला लागला. व्याहीणबाई हिरव्या तोंडाने वाकून बघत होत्या. जांभळ्या डोक्याचे व्याहीबुवा उकिडवे बसले होते. सफारीतले शेठसुद्धा हळूच खाली टेकले.

"हे बोटाला लागत न्हाय का, महादू?" त्यांनी विचारलं.

"लागतंय की," बाबा म्हणाले आणि पुढचा फेर घातला.

पाऊण तासाने झाल तयार झाली. रंग नाही, आरसे नाहीत, ओल्या बांबूचा वास तेवढा. शेठाणींनी ती हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"साधीच बरी दिसते हो," त्या म्हणाल्या.

मग पिंप रिकामं करून नवं पाणी भरलं आणि ती बुडवली. या वेळी मांडवातले सगळे आधी पिंपाभोवती जमले. पाणी बघितलं. स्वच्छ! एक आजोबा तर ओंजळीत घेऊन उजेडात धरून आले. मग दिवे पेटले आणि झाल पुन्हा व्याहीणबाईंच्या डोक्यावर टेकली. नियमाप्रमाणे सगळ्यांनी रडायला पाहिजे होतं. पण आत्याबाईंनी व्याहीणबाईंच्या नाकाकडे बघितलं, व्याहीणबाईंनी आत्याबाईंच्या गालांकडे, आणि दोघी अशा काही फुटल्या की झालीतले तीन दिवे विझले. नवरी मुलगीही हसायला लागली. हसत हसत सासरी गेलेली मानकोलीची ती पहिलीच मुलगी असावी.

त्याआधी शेठ उठले. बाबांना हाताला धरून मधोमध आणलं, खुर्चीवर बसवलं आणि मोठ्याने पूर्ण नाव घेतलं. भोंगा नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने. नारळ दिला, टॉवेल खांद्यावर घातला, टोपीचं ताट पुढे केलं. बाबांनी टोपी उचलली, थोडा विचार केला, उठून व्याहीबुवांपाशी गेले आणि ती त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. कानांपर्यंत.

"राहू द्या," बाबा म्हणाले. "तुम्हाला आज जास्त गरज हाय."

व्याहीबुवांनी बाबांना मिठी मारली. मग बाबांच्या सदऱ्यालाही जांभळा डाग पडला, पण तो त्यांनी पुढे कधी धुवू दिला नाही.

आम्ही निघालो तेव्हा व्याहीणबाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बसणार.

"पोरी, तू केमिस्ट्रीची ना?" त्या म्हणाल्या. "मंग हे जानार कवा ते सांग."

मी शास्त्रीय विचार केला. "दोन दिवसांत," मी ठामपणे म्हटलं.

सत्यनारायणाच्या पूजेला त्या हिरव्याच होत्या. गोंधळाला फिक्या हिरव्या. माझ्या रंगाने बांबू सोडला, पण व्याहीणबाईंना धरून राहिला. रहमतचाचांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बेटी, तू पढ़ाई मत छोड़ना. इधर मत आना."

बाबांचा मान मात्र राहिला. राहिला काय, वाढला! ज्यांनी मांडवात त्यांना विणताना बघितलं त्यांनी चार गावांत सांगितलं. पुढच्या मुहूर्तांना झालीची इतकी कामं आली की आईला अंगणात सतरंजी अंथरावी लागली. माणसं येतात, बसतात, चहा घेतात, लग्नाची तारीख सांगतात. आणि मग आवाज उतरवून आत डोकावत विचारतात,

"पोरगी कुठं हाय?"

"कॉलेजला," बाबा सांगतात.

"नक्की ना?"

"नक्की."

"मंग घ्या काम."

त्यामुळे माझी हजेरी त्या वर्षी शंभर टक्के भरली. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर कौतुक केलं, म्हणाले, घरून एवढं प्रोत्साहन फार कमी मुलींना मिळतं. खरं आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बाबा सकाळी स्वतः मला रिक्षात बसवून देतात.